स्टार्टअपचं नियोजन, मूल्यांकन आणि गुंतवणूकदारांसमोरची मांडणी : पुण्यातले संस्थापक नेहमी विचारतात ते प्रश्न

पुण्यात पहिल्यांदा भांडवल उभं करायला निघालेले लोक हे प्रश्न साधारण याच शब्दांत विचारतात. उत्तरांमध्ये सगळीकडे एकच काल्पनिक धंदा घेतला आहे. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमधल्या जुन्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या) मशीनवर बसवायचा एक डबा. मशीन किती वेळ आणि कशामुळे बंद राहिलं, ते तो मालकाच्या मोबाइलवर पाठवतो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. तुमच्या धंद्याचे आकडे घालून हिशोब पुन्हा करा.

मला गुंतवणूकदार लागतोच का?

बहुतेकांना लागत नाही, आणि हे कळायला बरेच जण वर्ष घालवतात. शेअर देऊन घेतलेल्या पैशाला हप्ता नसतो, म्हणून तो स्वस्त वाटतो. प्रत्यक्षात तो सगळ्यात महाग असतो. देणाऱ्याला पाच ते आठ वर्षांत कित्येक पटीने पैसे हवे असतात आणि त्यासाठी एक दिवस कंपनी विकली जायला हवी, शेअर बाजारात जायला हवी किंवा त्याचा हिस्सा दुसऱ्या कुणी घ्यायला हवा. वर्षाला पंचवीस लाख नफा देणारा, दोन घरं नीट चालवणारा धंदा उत्तम धंदा आहे. व्हेंचर फंडासाठी, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या कंपन्यांत धोका पत्करून पैसे घालणाऱ्या फंडासाठी, मात्र तो निरुपयोगी. यात कमीपणा कुणाचाच नाही.

पुण्यात दोन्ही तऱ्हांची उदाहरणं आहेत. क्विक हीलची सुरुवात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीच्या दुकानातून झाली. तिथे सिकोया कॅपिटल या व्हेंचर फंडाचे सुमारे ६० कोटी आले ते २०१० मध्ये, म्हणजे उत्पादन बाजारात रुळल्यावर बऱ्याच वर्षांनी. कंपनी शेअर बाजारात आली २०१६ मध्ये. याउलट २०१० मध्येच सुरू झालेली फर्स्टक्राय पहिल्यापासून मोठ्या बाहेरच्या भांडवलावर वाढली आणि २०२४ मध्ये बाजारात नोंदली गेली. लहान मुलांच्या वस्तूंचा साठा, गोदामं, देशभर पोहोच, हे सगळं स्वतःच्या नफ्यातून उभं करायला वेळच पुरला नसता. तेव्हा आधी हे पाहा की तुमच्या धंद्यात वेग ही गरज आहे की नुसती हौस.

मशीन घ्यायचं असेल, कच्चा माल भरायचा असेल तर बँकेकडे जा. मुद्रा कर्ज १० लाखांपर्यंत मिळतं, आणि आधीचं 'तरुण' नावाच्या गटातलं मुद्रा कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. पीएमईजीपीमध्ये (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात) उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतच्या आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला अनुदान जोडून कर्ज मिळतं.

बिझनेस प्लॅन किती पानांचा हवा?

गुंतवणूकदारासाठी दोन पानं आणि एक एक्सेल. चाळीस पानी प्लॅन कुणी वाचत नाही. बँकेला लागणारा प्रोजेक्ट रिपोर्ट वेगळा; तो तुमचे सीए बँकेच्या साच्यात करून देतील. तोच गुंतवणूकदाराला पाठवू नका.

एक्सेलमध्ये सुरुवात कुठून करू?

एका मशीनपासून. बहुतेक जण पाच वर्षांच्या विक्रीचा अंदाज आधी टाकतात आणि खर्च मागून बसवतात. मग पाचव्या वर्षी विक्री शंभर कोटी दिसते आणि ती कुठून आली हे सांगता येत नाही.

आपल्या डब्याचा हिशोब करू. डबा बनवायला ९,००० रुपये, जाऊन बसवायला १,०००. मालक महिन्याला १,५०० रुपये भाडं देतो. सिम, सर्व्हर आणि फोनवरची मदत यात ३०० जातात. हातात राहतात १,२००. विक्रीसाठी एक मुलगा ठेवला, पगार आणि पेट्रोल धरून महिन्याला ५२,०००. तो महिन्याला दोन वर्कशॉप आणतो, प्रत्येकात पाच मशीन, म्हणजे दहा मशीन. एका मशीनमागे विक्रीचा खर्च ५,२००. एकूण १५,२०० रुपये घातले आणि महिन्याला १,२०० परत येतात, म्हणजे पैसे सुटायला तेरा महिने.

आता प्रत्यक्ष वर्कशॉपमध्ये उभं राहा. मशीनशेजारी लोखंडी कपाटावर एक तेलकट वही असते. तिच्यात ऑपरेटरच्या हातचं 'टूल बदल', 'लाइट गेली', 'मटेरियल नाही' असं लिहिलेलं असतं आणि शुक्रवारनंतरची पानं बरेचदा कोरी असतात. ही वही तुमची स्पर्धक आहे आणि ती फुकट आहे. मालकाला डबा आवडतो, तो बसवूनही घेतो. पहिलं बिल गेलं की म्हणतो, "पार्टीकडून आले की देतो." त्याची पार्टी त्याला साठ-नव्वद दिवसांनी देते, म्हणून तो तुम्हाला तसंच देतो. बिल मात्र फाडलेलं असतं, त्यामुळे १८ टक्के जीएसटी तुम्हाला खिशातून भरावा लागतो. कागदावरचे तेरा महिने रोखीत पंधरा होतात ते इथे.

यावर उपाय एक्सेलमध्ये नाही, कराराच्या अटींत आहे. डब्यामागे ५,००० अनामत घेतली तर सुरुवातीला अडकणारी रोख १०,२०० वर येते आणि साडेआठ महिन्यांत सुटते (अनामत परत द्यायची असते, तो नफा नव्हे). उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, आणि मुदत चुकवली तर ते पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही, अशी आयकरातली तरतूद २०२४ पासून लागू झाली. ग्राहकाच्या अकाउंटंटला ती पाठ असते. तिचा नुसता उल्लेख केला तरी बिल पुढे सरकतं.

आणि हो, भोसरी-चाकणला औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते. गुंतवणूकदाराला वर्कशॉप दाखवायला न्यायचं असेल तर वार बघून बोलवा.

मार्केट साइझच्या स्लाइडवर काय लिहू?

जागतिक अहवालातला अब्ज डॉलरचा आकडा लिहू नका. समोरचा तो आकडा आठवड्यातून दहादा बघतो. खालून वर मोजत या. एका मशीनचं वर्षाचं भाडं १८,०००. एमआयडीसीच्या दोन-तीन गल्ल्या पायी फिरा, किती शेड, शेडमध्ये किती मशीन, त्यातली नेटवर्क नसलेली जुनी किती, हे लिहून काढा. मग भोसरी, चाकण, पुढे वाळूज, कोल्हापूरचं शिरोली आणि गोकुळ शिरगाव, नंतर राजकोट, कोइम्बतूर असा टप्पा लावा. आकडा लहान येईल, पण "हे कसं काढलंत?" या प्रश्नाला उत्तर असेल.

लहान आकडा आला म्हणून तो फुगवूही नका. मशीन फारच कमी निघत असतील तर व्हेंचर पैशाचा नाद सोडायचा, हा त्यातून मिळालेला उपयोगी निष्कर्ष आहे.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेडच हवी का? एलएलपी चालणार नाही?

बाहेरचे लोक हिस्सा घेणार असतील तर प्रायव्हेट लिमिटेड. एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) शेअर नसतात, त्यामुळे प्रेफरन्स शेअर (पैसे परत मिळण्यात अग्रक्रम असलेले), कर्मचाऱ्यांसाठी ईसॉप (ठरलेल्या दराने शेअर घेण्याचा हक्क), सगळंच अडतं. नोंदणी 'स्पाइस प्लस' अर्जातून ऑनलाइन होते. आकुर्डीच्या रजिस्ट्रार कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत.

आम्ही दोघं कॉलेजचे मित्र. ५०-५० करून टाकू का?

करा, पण व्हेस्टिंगसकट. हिस्सा चार वर्षांत कमवायचा आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी कुणी गेलं तर काहीच नाही, ही प्रचलित पद्धत आहे. पुण्यात याचं कारण ठरलेलं: दीड वर्षाने एकाला अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळतो. व्हेस्टिंग असेल तर ४८ पैकी १८ महिने झाले, म्हणून त्याच्या ५० टक्क्यांतले १८.७५ टक्के त्याचे आणि उरलेले कंपनीत कामाला येतात. नसेल तर कंपनीचा निम्मा मालक ओहायोत झोपलेला असतो आणि इकडे प्रत्येक ठरावाला त्याची सही लागते. असा शेअरहोल्डर तक्ता दिसला की गुंतवणूकदार पुढची स्लाइड बघत नाही.

मात्र पहिला ग्राहक यायच्या आधी ५२-४८ वरून महिनाभर वाद घालणारेही असतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

सुरुवातीला मामा, काका आणि मित्रांकडून घेतलेलं चालेल?

चालेल, पण कंपनी कायदा मामा आणि मित्र यांना एका तागडीत तोलत नाही. संचालक स्वतः कंपनीला कर्ज देऊ शकतो. प्रायव्हेट कंपनीत संचालकाचे नातेवाईकही देऊ शकतात. हे पैसे उसने आणलेले नाहीत असं त्यांनी लिहून द्यावं लागतं. मात्र नातेवाईक कोण, याची कायद्याची यादी आखूड आहे: जोडीदार, आईवडील, मुलं, सुना-जावई, भावंडं आणि एकत्र कुटुंबातले सदस्य. सख्खा मामा तिच्यात नाही, जिवलग मित्रही नाही. त्यांच्याकडून कंपनीच्या खात्यात 'कर्ज' म्हणून घेतलेली रक्कम ठेव ठरू शकते आणि मोठी गुंतवणूक यायच्या वेळी हेच घोडं अडतं. त्यांना रीतसर शेअर द्या, नाहीतर त्यांच्याकडून तुम्ही वैयक्तिक उसने घ्या आणि कंपनीत स्वतःच्या नावाने शेअर भांडवल म्हणून घाला, कर्ज म्हणून नाही; कर्जासाठी पैसे उसने नाहीत असं लिहून द्यावं लागतं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आमच्या कंपनीत गुंतवणुकीची संधी" असा मेसेज टाकू नका. खासगी विक्रीची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे आणि वर्षभरात २०० पेक्षा जास्त लोकांना देकारही देता येत नाही. देकार नावानिशी, ठरावीक पत्रावरच जायला हवा.

सरकारी योजना आणि इन्क्युबेटर यांचा खरंच उपयोग होतो?

अनुदानाचा होतो. प्रमाणपत्राचा थोडा कमी. स्टार्टअप इंडिया योजना १६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली. तिच्यातली डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योगप्रोत्साहन विभागाची) मान्यता फुकट आहे, ती घेऊन ठेवा. पहिल्या दहापैकी सलग तीन वर्षं नफ्यावर कर नाही, या सवलतीसाठी मान्यतेनंतर वेगळा अर्ज करून आंतरमंत्रालयीन मंडळाची मंजुरी लागते. नुसत्या मान्यतेने करमाफी मिळते असं समजणारे पुष्कळ भेटतात.

२०२१ च्या सीड फंड योजनेत इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना जागा, सल्ला आणि साधनं देणाऱ्या संस्थेमार्फत) कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय साधन (पुढे शेअरमध्ये बदलणारी रक्कम) अशी रचना केली होती. खिडकी सध्या उघडी आहे का ते इन्क्युबेटरलाच विचारा. जैवतंत्रज्ञान, वैद्यकीय उपकरणं किंवा रसायन असेल तर पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर पहिलं गाठा. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ५० लाखांपर्यंतचं 'बिग' अनुदान त्यांच्यामार्फत मिळू शकतं, आणि लाखांत किंमत असलेली उपकरणं तिथे तासाच्या भाड्याने वापरता येतात. सीओईपीची भाऊ इन्स्टिट्यूट, विद्यापीठाचं सायटेक पार्क, १९३४ पासूनचं मराठा चेंबर ही उद्योजक-व्यापाऱ्यांची संघटना आणि टाय पुणे हे उद्योजकांचं मंडळ ही बाकीची दारं. चेंबरचा खरा फायदा म्हणजे तिथे तुमचे संभाव्य ग्राहक भेटतात. महाराष्ट्र स्टार्टअप वीकमधून निवड झाली तर सरकारी खात्याकडून कामाचा आदेश मिळतो. पैसे हळू येतात, पण पहिला ग्राहक म्हणून सरकारचं नाव डेकमध्ये (गुंतवणूकदाराला दाखवायच्या स्लाइडमध्ये) चांगलं दिसतं.

माझ्या कंपनीचं मूल्यांकन कसं ठरतं? विक्री तर नुकतीच सुरू झालीय.

या टप्प्यावर ते सूत्रातून निघत नाही, वाटाघाटीतून निघतं. तरी समोरचा मनात कोणता हिशोब करतोय हे माहीत असलेलं बरं.

तुम्ही म्हणता, एक कोटी द्या, कंपनीची किंमत चार कोटी. तो उलट बाजूने येतो. सात वर्षांनी कंपनीची विक्री ३० कोटी होईल असं तुमचंच एक्सेल सांगतं. अशा कंपन्या विक्रीच्या तिप्पट किमतीला जातील असं त्याने धरलं, म्हणजे ९० कोटी. धोका मोठा, दहातल्या बऱ्याच कंपन्या बुडणार, म्हणून त्याला एकाचे पंधरा हवेत, म्हणजे १५ कोटी. ९० मधले १५ म्हणजे १६.७ टक्के. पण मधल्या फेऱ्यांत, म्हणजे पुढे पुन्हा भांडवल घेताना, नवे लोक येतील आणि त्याचा हिस्सा ४० टक्क्यांनी घटेल, तेव्हा आज त्याला २७.८ टक्के लागतात. एक कोटीला २७.८ टक्के, म्हणजे पैसे आल्यानंतरची किंमत ३.६ कोटी आणि आधीची २.६ कोटी. तुमचे चार आणि त्याचे २.६ यांच्यातलं अंतर असं तयार होतं.

हे कळलं की भांडायचं कशावर तेही कळतं. "आमची टीम फार मेहनती आहे" यावर किंमत हलत नाही. ३० कोटी विक्री म्हणजे सोळा-सतरा हजार मशीन. ती कुठून येणार हे दाखवलं तर हलते. सहा महिने पैसे देणाऱ्या साठ मशीनपैकी एकही परत आलेलं नाही, हे दाखवलं तर जास्त हलते, कारण त्याचा धोका कमी झाला आणि पंधरा पटीच्या जागी दहा पटीत तो खूश होईल. वरच्याच हिशोबात पंधराच्या जागी दहा घाला: आजचा हिस्सा १८.५ टक्के, नंतरची किंमत ५.४ कोटी, आधीची ४.४. तुमच्या चार कोटींहून जास्त.

मग डीसीएफ (पुढच्या रोखीवरून आजची किंमत काढायची रीत), रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा अहवाल, हे कशाला?

कायद्यासाठी. ठरावीक लोकांना नवे शेअर देताना कंपनी कायद्यानुसार रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा अहवाल लागतो. परदेशी गुंतवणूकदार असेल तर फेमा या परकीय चलन कायद्याखाली वाजवी किमतीपेक्षा कमी दराने शेअर देता येत नाहीत आणि वाटपानंतर ३० दिवसांत एफसी-जीपीआर हा फॉर्म भरावा लागतो. सौदा आधी ठरतो, अहवाल नंतर येतो. मात्र अहवालातले अंदाज आणि डेकमधले अंदाज जुळायला हवेत; दोन वेगळी भविष्यं दाखवणारी कंपनी चौकशीत लगेच उघडी पडते.

२०१२ मध्ये आलेला एंजल टॅक्स, म्हणजे वाजवी किमतीपेक्षा जास्त प्रीमियमवर लागणारा कर, २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. पैसे कुठून आले याचा पुरावा देण्याची जबाबदारी मात्र कायम आहे. गुंतवणूकदाराचा पॅन, बँक स्टेटमेंट, विवरणपत्र फायलीत ठेवा.

प्री-मनी, पोस्ट-मनीचा घोळ एकदा सांगा.

"चार कोटींवर एक कोटी" असं बोलणं झालं आणि चार हे पैसे येण्याआधीचे (प्री-मनी) की नंतरचे (पोस्ट-मनी) हे राहून गेलं, तर गुंतवणूकदाराचा हिस्सा २० टक्के की २५ टक्के हा फरक पडतो. ईमेलवर शब्द लिहून घ्या.

दुसरा चिमटा ईसॉप पूलचा, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या शेअरचा. किंमत आधीची चार कोटी, पण १० टक्के पूल गुंतवणुकीच्या आधीच बाजूला काढा, अशी अट येते. मग गुंतवणूकदार २०, पूल १०, तुम्ही ७०. नंतरची किंमत पाच कोटी, त्याचे ७० टक्के साडेतीन कोटी. म्हणजे तुमच्या शेअरची खरी किंमत साडेतीन कोटीच धरली गेली. तुमचे १०,००० शेअर असतील तर दर शेअरला ४,००० ऐवजी ३,५०० रुपये. पूल लागतोच, पण दीड वर्षात खरंच कुणाकुणाला घेणार त्यांची यादी करा आणि तेवढाच कबूल करा.

मूल्यांकन जितकं जास्त तितकं चांगलं ना?

नाही. पुढच्या फेरीत त्याहून वर जावं लागतं. नाही गेलात तर जुन्या गुंतवणूकदारांच्या किमतीचं संरक्षण करणारी कलमं जागी होतात आणि त्याची भरपाई तुमच्या हिश्शातून होते.

किंमत ठरतच नसेल तर?

कन्व्हर्टिबल नोट (पुढे शेअरमध्ये बदलणारं कर्ज) किंवा सक्तीने रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर. किंमत पुढच्या फेरीत ठरते, आजच्या माणसाला सवलत किंवा कमाल किंमत मिळते. नोट फक्त मान्यताप्राप्त स्टार्टअपला काढता येते आणि एका व्यक्तीकडून एकरकमी किमान २५ लाख लागतात. पाच-पाच लाख देणारे पाच जण असतील तर प्रेफरन्स शेअरचाच रस्ता.

किती पैसे मागू?

पुढचा टप्पा गाठायला लागतील तेवढे, आणि वर थोडा हातचा. दीड वर्षात ६० वरून ६०० मशीनवर जायचं आहे. नव्या ५४० मशीनमागे १५,२०० प्रमाणे ८२ लाख. इंजिनिअर, तुमचा पगार, भाडं मिळून महिन्याला साडेचार लाख, अठरा महिन्यांचे ८१ लाख. एकूण १ कोटी ६३ लाख. मशीन दरमहा ३० ने वाढली आणि पैसे दोन महिने उशिरा आले तर भाड्यातून खर्च वजा जाता सुमारे ६२ लाख जमा होतील. कमी पडतात १ कोटी १ लाख. एक कोटीत हे काठावर बसतं, म्हणजे बसतच नाही. पण अनामत घेतलीत तर २७ लाखांची रोख आणखी येते आणि उशिरासाठी जागा राहते. "एक कोटीच का?" असं विचारल्यावर ही चार वाक्यं सांगता आली की बैठकीचा रंग बदलतो.

संस्थापकाचा पगार शून्य दाखवू नका. त्यात त्याग कुणाला दिसत नाही. सहा महिन्यांनी हा माणूस नोकरी शोधेल, एवढंच दिसतं.

डेकमध्ये काय आणि किती?

दहा-बारा स्लाइड. कुणाची कोणती अडचण, आज ते काय करतात, तुमचं उत्तर, आतापर्यंत पैसे देऊन कुणी घेतलं, एका मशीनचा हिशोब, बाजार, स्पर्धा, टीम, मागणी आणि त्या पैशाचं काय करणार. आतापर्यंतची प्रगती तिसऱ्या-चौथ्या स्लाइडपर्यंत यायलाच हवी. तेलकट वहीचा फोटो लावा; दहा आलेखांचं काम तो एकटा करतो.

"आम्हाला स्पर्धक नाहीत" हे वाक्य काढून टाका.

पायलटला विक्री म्हणू नका. फुकट वापरणारी वीस वर्कशॉप आणि पैसे देणारं एक, यात पैसे देणारं एक आधी लिहायचं. ग्राहकाची नावं लिहिणार असाल तर ते ग्राहक फोन उचलतील याची खात्री करा. फोन जातो.

पिच मराठीत केली तर चालेल?

समोर भोसरी-चाकणचा कारखानदार एंजल (स्वतःचे पैसे घालणारा गुंतवणूकदार) म्हणून बसला असेल तर मराठीत जास्त चांगली होते. त्याला स्पिंडल, सेटिंग, रिजेक्शन तुमच्याइतकंच कळतं आणि आडवळणाचे प्रश्न तो मराठीतच विचारतो. मुंबई-बेंगळुरूच्या फंडासमोर इंग्रजी लागेल. ते मोडकं असलं तर बिघडत नाही, आकडे अडखळले तर बिघडतं. पाठ केलेलं फर्डं इंग्रजी पहिल्या उलट प्रश्नाला संपतं.

कल्पना चोरली तर? आधी एनडीए (गोपनीयतेचा करार) करून घेऊ का?

पहिल्या भेटीत कुणी सही करणार नाही. मागितलीत तर नवखे दिसाल. सर्किटची रचना, कोड, ग्राहकांचे दर डेकमध्ये घालू नका. पेटंट घेण्यासारखं काही असेल तर जाहीर दाखवण्याआधी तात्पुरता अर्ज करा, म्हणजे पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात.

गुंतवणूकदार मिळवून देतो म्हणणारे एजंट खरे असतात का?

आधी फी मागितली की उठा. 'व्यासपीठावर पिच करायची संधी' पन्नास हजारांना विकणारे कार्यक्रमही त्यातलेच. पैसे आल्यावर टक्केवारी घेणारे सल्लागार असतात, पण छोट्या फेरीत तेही गरजेचे नसतात. सगळ्यात उपयोगी ओळख म्हणजे त्याच गुंतवणूकदाराने पैसे दिलेला दुसरा संस्थापक. त्याला फोन करून एवढंच विचारा: तीन महिने विक्री पडली तेव्हा हा माणूस कसा वागला?

टर्म शीट आली. वकिलाकडे जाण्याआधी मी काय बघू?

किंमत सोडून बाकी सगळं. टर्म शीट, म्हणजे सौद्याच्या मुख्य अटींचा कागद, बहुधा बंधनकारक नसते. गोपनीयता आणि ठरावीक दिवस दुसऱ्याशी बोलायचं नाही, ही दोन कलमं मात्र असतात. ते दिवस जितके कमी तितकं बरं.

सर्वांत आधी लिक्विडेशन प्रेफरन्स (कंपनी विकली गेली तर आधी कुणाला किती) वाचा. एक कोटी घातलेल्या, २० टक्केवाल्या गुंतवणूकदाराची कंपनी तीन कोटींना विकली गेली असं धरा. प्राधान्य नसेल तर त्याला ६० लाख. एकपट, सहभागाशिवाय असेल तर तो एक कोटी घेतो, बाकीच्यांना दोन. एकपट आणि सहभागासह असेल तर आधी एक कोटी, मग उरलेल्या दोनचे २० टक्के, एकूण १ कोटी ४० लाख. एकपट, सहभागाशिवाय, हे रीतीला धरून आहे. त्यापलीकडचं मागत असतील तर किमतीत वसूल करा, नाहीतर नको म्हणा.

मग कोणकोणत्या निर्णयांना त्याची परवानगी लागेल, ती यादी. नवे शेअर, मोठं कर्ज, कंपनी विकणं इथवर ठीक. पन्नास हजारांच्या प्रत्येक खर्चाला संमती लागत असेल तर तुम्ही पुन्हा नोकरीला लागलात असं समजा. मोफत साच्यातून करार उतरवू नका. स्टार्टअपचे करार नेहमी करणारा वकील घ्या. घराचं ॲग्रीमेंट करून देणारे ओळखीचे वकील यासाठी नव्हेत.

ड्यू डिलिजन्समध्ये (पैसे देण्याआधीच्या तपासणीत) सौदा कशावर फिसकटतो?

मोठ्या घोटाळ्यावर क्वचितच. फ्रीलान्सरने लिहिलेला कोड कंपनीच्या नावावर केलेला नसणं, डोमेन एका मित्राच्या वैयक्तिक खात्यावर असणं, जीएसटी विवरणपत्रातली विक्री आणि डेकमधली विक्री न जुळणं, टीडीएस कापून न भरणं, संस्थापकाच्या जुन्या नोकरीच्या करारात "काम करत असताना तयार केलेलं सगळं कंपनीचं" हे कलम असणं. शेवटचं हिंजवडीतून नोकरी करता करता धंदा सुरू करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बघावं.

पैसे खात्यात आले. आता?

लगेच हात लावायचा नाही. अर्जाची रक्कम स्वतंत्र बँक खात्यात यायला हवी. ती आल्यापासून ६० दिवसांत शेअरवाटप करायचं, वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा वाटपाचा फॉर्म भरायचा, आणि तो भरेपर्यंत हे पैसे वापरता येत नाहीत. साठ दिवस चुकले तर पुढच्या पंधरा दिवसांत रक्कम परत, आणि तीही चुकली तर व्याजासकट. पगार थकलेत म्हणून वाटपाआधीच त्यातून पगार करणाऱ्या कंपन्यांना पुढच्या फेरीत त्याचं उत्तर द्यावं लागतं. तेव्हा फेरी बंद व्हायच्या दोन महिने आधीपासून पगाराची तजवीज वेगळी ठेवा आणि सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) तारखा कॅलेंडरवर टाकायला सांगा.

त्यानंतर दर महिन्याच्या सात तारखेच्या आत सगळ्या गुंतवणूकदारांना एक पानी मेल: किती मशीन लागली, किती परत आली, किती वसुली बाकी, खात्यात किती महिन्यांचे पैसे उरले आणि कुणाची कशासाठी मदत हवी. विक्री पडलेल्या महिन्यातही तो सात तारखेच्या आतच गेला पाहिजे.